रिटचिंग

लायसनच्या फोटोत दोन्ही कान दिसावे लागतात.
माझगावच्या या दुकानात हे वाक्य
मी दिवसातून वीसदा बोलते,
बाबा बोलायचे त्याच सुरात.

हरेश्वर तांडेल, भाऊच्या धक्क्यावरचे सारंग,
दर पाच वर्षांनी येतात.
अंगाला डिझेलचा वास, खिशात कंगवा.
"पोरी, जरा बरा दिसेन असा काढ."

बाबा निगेटिव्हवर पेन्सिलीने देवीचे व्रण बुजवायचे.
मी माऊसने बुजवते:
चामखीळ, डाग, न झालेली झोप.
गिऱ्हाईक थोडं खोटं होऊन खूश होतं.

त्या दुपारी स्क्रीनवर त्यांचा डावा कान
उजव्याहून जरा बाहेर आलेला,
पाळी वर उचललेली,
आणि खाली, जबड्याच्या कोनापाशी,
कातडीआड सुपारीएवढं काहीतरी बसलेलं.
सवयीने ब्रश त्यावर नेला.
थांबले.

"काका, हे काय?"
"ते होय? जुनं आहे. गालगुंड म्हणून बायकोने लेप लावला,
मला वाटलं, दाढेचं असेल.
दुखत नाही गं. दुखलं असतं तर दाखवलं नसतं का?"

गालगुंड आठवड्यात उतरतं, हे मलाही ठाऊक.
लाळेतल्या खड्याची सूज जेवताना फुगते, मग ओसरते,
हे नंतर कळलं.
ही गाठ भरती-ओहोटी मानत नव्हती.

"हसा जरा," म्हटलं, आणि एकापाठोपाठ तीन फोटो काढले.
पहिल्यात उजवा ओठ वर, डावा जागेवर.
दुसऱ्यात डावा निघाला.
तिसऱ्यात अर्ध्या वाटेवर थकला.
माझा कॅमेरा डॉक्टर नाही,
पण उशीर त्याला कळतो.

परळच्या ओपीडीत सोबत गेले.
डॉक्टर वर्तक हातमोजे चढवतानाच चेहरा वाचत होत्या.
"भुवया उचला. डोळे घट्ट मिटा. गाल फुगवा. दात दाखवा."
माझीच वाक्यं, वेगळ्या कामाला लागलेली.
गाठ बोटांनी हलवून बघितली. हलेना.
टॉर्चने टाळा, पडजिभेची बाजू. मग मान चाचपली.
"मुंग्या येतात? तोंड पुरतं उघडतं?"
काका आठवत राहिले.
"दोन महिने झाले, चहा डावीकडून सांडतो.
म्हटलं, लाँच हलते म्हणून."

मग सुई. मग कागद.
गाठ लाळेच्या ग्रंथीत,
चेहरा हलवणारी नस जिथून जाते, तिथेच.

रात्री शटर पाडून जुनी हार्ड डिस्क लावली.
पाच वर्षांपूर्वीचा फोटो, कानाखाली गुळगुळीत.
शेजारी मूळ फाइल:
तिथे हरभऱ्याएवढी सावली.
पुसणारी मीच.
तेव्हा त्यांनी दहा रुपये जास्त दिले होते.

ऑपरेशन झालं, किरणं झाली.
फाल्गुनात आले, कानापुढून मानेकडे उतरणारी शिवण घेऊन.
डावा ओठ अजून खालीच.
"पोरी, जरा बरा…" म्हणाले, आणि स्वतःच गप्प झाले.
दोन्ही कान दिसतील असा काढला.
ब्रशला हात लावला नाही.

कचेरीतून फोटो परत आला:
जुन्या फोटोशी चेहरा जुळत नाही.
मी त्या कारकुनासमोर मूळ फाइल छापून ठेवली,
हरभऱ्यासकट.
म्हटलं, जुना चेहरा हा आहे.
तुमच्याकडे आहे तो माझा.