डीपीची वाट

नागपूरच्या प्रशिक्षणातून मी घेऊन आले
पाच रंगांच्या चिकटचिठ्ठ्यांचं खोकं,
दोन जाड पुस्तिका, आणि एक शब्द, चपळ,
जो उच्चारताना तिथल्या साहेबांचे खांदे
उगाच वर जात.

वीज कंपनीचं उपविभागीय कार्यालय. पत्र्याखाली शेहेचाळीस डिग्री.
फळा लागला. चिठ्ठ्या लागल्या.
सकाळची उभी बैठक ठरली, पंधरा मिनिटांची.
तिच्या हजेरीची वही वेगळी,
वही तपासल्याची वही वेगळी,
आणि अनावश्यक नमुने कमी करण्यासाठी
मुख्यालयानं धाडला
नमुना क्रमांक सत्तावीस, तीन प्रतींत.

दुपारपर्यंत गोंद वितळायचा.
'प्रगतिपथावर' असलेलं सगळं
एकेक करून फरशीवर यायचं.
इंदूबाई धोटे झाडूनं गोळा करून विचारायच्या,
"म्याडम, हे झालेल्यात टाकू का राह्यलेल्यात?"

मग हिवाळ्यात वाढोण्याची डीपी जळाली.
हरभरा घाट्यावर येत होता.
मी फळा सोडला आणि डीपीच्या मागं निघाले,
पुंजाराम आत्रामच्या गाडीत, तेलाच्या वासात.
जिथं ती थांबली, तिथं मीही थांबले.

दोन दिवस बांधावर, जळाल्याचा दाखला येईपर्यंत.
काळी पडलेली, फुगलेली,
तरी दाखल्यावाचून जळालेली नव्हे.
सहा दिवस भांडारात, सहीसाठी.
सहीचे साहेब रजेवर नव्हते,
सह्या कमी करण्याच्या कार्यशाळेत होते.
सात दिवस वर्कशॉपच्या दारात;
शेवटच्या दिवशी तिच्या आडोशाला
वॉचमनच्या कोंबडीनं अंडं दिलं.
परतीच्या गाडीच्या मंजुरीला चार.

आतली तार गुंडाळायला, तेल भरायला
लागले चार तास.

पुंजारामनं बिडी विझवली.
"काम तं चारच तासाचं हाय म्याडम.
बाकी एकोणीस दिवस ते नुसती वाट पायते."

मी वहीत लिहिलं:
वाट, एकवीस किलोमीटर.
खाली पुन्हा लिहिलं:
वाट, एकोणीस दिवस.
आणि दोन्ही ओळींकडं
रात्री लाइट जाईपर्यंत पाहत बसले.

पुस्तिकेची दोनशे चौदा पानं चाळली.
कामाचं सापडलं ते एवढंच,
तेही माझ्या भाषेत आणावं लागलं:
कुठं थांबलंय,
ते रोज उचलणाऱ्याला विचार.

फळा काढला.
भांडाराच्या शटरवर खडूनं तीन रकाने.
पुंजारामनं डोक्यावर लिहिलं:
जयली. कुठी अडली. लागली.
शुद्धलेखन मी तपासलं नाही.
गावाचं नाव, तारीख. बस्स.
शटर उघडण्याआधी सगळे तिथंच उभे असतात,
चहाची वाट पाहत; चहा आला की बैठक संपली,
शटर वर गेलं की तक्ताही गुंडाळला गेला.
मधला रकाना इंदूबाई मोठ्यानं वाचतात
आणि फोन लावतात.
त्यांच्या आवाजाला सही लवकर होते,
का, ते कुणी विचारत नाही.

फार काही झालं नाही.
एकोणिसाचे आठ झाले, कधी सात.
एकदा, पोळ्याच्या आदल्या दिवशी, तीन.
तेल अजून अकोल्यात अडकतं.
जळाल्याचा दाखला मी मागत नाही;
वरून कुणी मागितलाच
तर झाकण उघडून वास देईन.

काल मुख्यालयाचा मेल आला:
आपला उपक्रम अनुकरणीय आहे.
इतर एकशे चाळीस उपविभागांत राबवण्यासाठी
सोबतच्या बावीस रकान्यांत माहिती भरावी.
शटरची उंची. खडूचा प्रकार.
चहाचा सरासरी कालावधी, मागील तीन वर्षांचा.

मी पुंजारामला वाचून दाखवला.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग कानामागचा खडू काढला,
शटर अर्धं खाली ओढलं,
आणि मधल्या रकान्यात, तारखेसकट,
मुख्यालयाचं नाव लिहिलं.