बाकी

कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्यानं विचारलं, किती सेट?
म्हटलं, दोन. पण एकात दुसरा मिसळू नका.

एक सेट कॅनडाला.
तिथल्या ऑफिसनं पुन्हा पत्र पाठवलंय,
तीस दिवसांत सिद्ध करा
की हा संसार खरा आहे.
फोटो जोडा, फोनची बिलं जोडा,
एकमेकांना लिहिलेलं काही असेल तर तेही.

दुसरा इथंच, रस्ता ओलांडून, पहिल्या मजल्यावर.
त्यांनाही पुरावाच हवाय,
याच संसाराचा.

कळंगुटचा फोटो दोन्हीकडे लागतो.
प्रसन्नचा हात माझ्या खांद्यावर, मागं समुद्र,
दोघंही हसतोय. कॅनडाला एवढं पुरे.
कोर्टासाठी वकीलबाईंनी पेनानं गोल केला
माझ्या कोपराशी, जिथं बाही संपते आणि निळं सुरू होतं.
मे महिन्यात, समुद्रावर,
एवढ्या लांब बाह्या? त्यांनी विचारलं.
आणि उत्तराची वाट न बघता लिहून घेतलं.

वकीलबाई हिरेमठ. माझ्याशी मराठी,
टायपिस्टशी कन्नड, चिडल्या की इंग्रजी.
शाळेत असताना आम्ही पोरी खिदळायचो,
कन्नडमध्ये नवऱ्याला गंड म्हणतात म्हणून.
परवा तक्रारीच्या कागदावर तो शब्द
ओळीओळीत दिसला. वाचत राहिले.

खोटं कशाला बोलू, मला जायचं होतं.
त्याच्याकडे नाही. जायचं होतं.
टिळकवाडीतल्या क्लासला दोन पावसाळे गेले,
नर्सिंगचं सर्टिफिकेट तीनदा अटेस्ट केलं,
एका थंड गावाचं नाव
वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं.
अर्ज मात्र त्याच्या नावावर.
मी त्यात एक रकाना.

रात्री साडेअकराला फोन येतो,
तिथं तेव्हा जेवणाची सुट्टी.
एक मेल टाकला की तुझी फाईल बंद, तो म्हणतो.
मग बस वडगावात, आईच्या कांड्या भरत.
तो ओरडायला लागला की आई उठते
आणि माग सुरू करते, ऑर्डर नसताना,
भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून.
त्या खडखडाटात तो बोलत राहतो,
मी हो म्हणत राहते,
सकाळी वीतभर साडी जास्त विणलेली असते.

बाबांनी चाळीस वर्षं एक नोव्हेंबरला
दंडाला काळी पट्टी बांधली.
गावाचा खटला बाकी आहे, म्हणायचे,
म्हणून कुणी जगायचं थांबतं का?
पण वरचा मजला काही चढवला नाही त्यांनी.
सळया तशाच वर सोडल्या, निकाल लागू दे म्हणत.
सळया गंजल्या. बाबा गेले.
आई त्यांवर कपडे वाळत घालते.

अर्जाचं काय झालं, हिरेमठबाईंनी विचारलं.
मोबाईल पुढं केला.
त्यांनी चष्मा वर करून वाचलं, म्हणाल्या, बाकी.
दोन्ही भाषांत तोच शब्द.
आणि तुम्ही सही केली, तर तो जाईल कदाचित.
म्हटलं, माहितीय.
मग त्या काही बोलल्या नाहीत,
नुसतं पेनाचं टोपण काढून दिलं.

रोहिणी भरमाण्णा सांबरेकर.
किती दिवसांनी लिहिलं. स ला जागा कमी पडली.

एकशे बारा रुपये झाले झेरॉक्सचे.
कॅनडाचा गठ्ठा पिशवीत आहे अजून,
तीस दिवसांतले एकोणीस उरलेत,
बघू. टाकवत नाही लगेच.

साडेअकराला फोन वाजला.
आई मागाकडे निघाली.
आई, नको. बंदच राहू दे.
घरात एवढं शांत कधी नव्हतं,
त्याचा श्वास ऐकू येत होता.
तो सुरू झाला, मी मध्येच म्हटलं,
साकु.
त्याला कळलं नाही. पुण्याचा आहे.
काय म्हणालीस, काय म्हणालीस, विचारत राहिला.

भिंतीपलीकडे गिरिजाक्कांना कळलं.
त्यांच्याकडचा दिवा लागला.