उणे बावन्न

अष्टेकर शेठ म्हणाले, चहूकडं बोलणारा तो दांडाच लाव की,
स्वस्त पडतंय.
मी म्हटलं, शेठ, तो सगळ्यांशी बोलतो,
म्हणून लांबच्याला काही ऐकू जात नाही.
उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून मच्छेच्या मशीन शॉपला
पंपांची ड्रॉइंगं जायची आहेत. चार किलोमीटर.
एकालाच हाक मारायची.
सपाट पॅनेलचं तोंड रुंद,
शेजारच्या तीन कारखान्यांचा गलका आत घेईल.
भरीव थाळी नको,
इथला आषाढातला वारा तिला शीड समजतो.
जाळीची घ्या. दोन. चोवीस डेसिबलच्या.
त्यांनी कोटेशन दोनदा वाचलं. असो.

मधे गंगव्वाच्या बांधावर सिल्व्हर ओक.
दोन गच्च्यांमधे दोरा ताणला असता
तर पानालाही लागला नसता.
पण लहर दोऱ्यासारखी जात नाही,
मध्यावर काकडीगत फुगते,
चौदा फूट मोकळी हवा मागते, खालीसुद्धा.
शेठ म्हणाले, शेंडा छाटू.
झाड परत वाढतंय, पाइप वाढत नाही,
म्हणून आजच बारा फूट जास्त द्या.

मच्छेच्या पत्र्यावर इराप्पा.
धुराड्यांच्या मागं मला दिसेना.
फोनवर म्हटलं, डब्याचं झाकण काढ, ऊन मार इकडं.
एक ठिपका लुकलुकला.
त्याच्यावर नेम धरून मी बोल्ट सैल केले.

उणे अठ्ठ्याहत्तर. स्वल्प यडक्क.
चौऱ्याहत्तर. इन्नू स्वल्प.
एकाहत्तर, आणि तिथून पुढं घसरण.
मागं आणलं, परत एकाहत्तर.
साकु री, इराप्पा म्हणाला, लिंक लागलंय,
पत्रा पोळतोय.

वहीत माझा हिशेब होता बावन्नचा.
एकोणीस असे वाऱ्यावर हरवत नाहीत.
पहिल्या वर्षी खानापुरात, एका काजू कारखान्यावर
मी अशाच आकड्यावर पाना आवळून घरी गेले
आणि सहा महिने पावसाला शिव्या घातल्या.
मुख्य झोताच्या कडेला असले बुटके डोंगर असतात.
चढ संपला की माणूस नारळ फोडून मोकळा.

इराप्पा, अजून यडक्क.
कमी होतंय की हो!
होऊ दे.
शहात्तर. त्र्याऐंशी.
मग आकडाच नाही.
फोनात त्याचा श्वास, खाली भट्टीच्या पंख्याची घरघर,
आणि जिन्यात शेठ, हातात मोबाइल,
काही न विचारता उभे.

सत्तर.
एकसष्ट.
चोपन्न.
बावन्न. निल्सु!

सांध्यांवर रबरी टेपचे तीन वेढे दिले,
पाणी ठिबकायला केबलला खाली झोळ सोडला,
विजेसाठी तांब्याची पट्टी मातीत नेली.
शेठनी एक फाइल पाठवली, पोचली, दुसरी पाठवली.
ते बघायला मी थांबले नाही.

पत्र्यावरचा ठिपका अजून लुकलुकत होता.
हात धुवून पाहिलं तर विझलेला.
इराप्पा जेवायला बसला असणार.