पालथा फळा

सकाळी सहा पाचला पलंग भिंतीत जातो.
आधी उशा माळ्यावर, मग चादर ताणून दोन पट्टे,
मग यांचा चष्मा आत राहिला का ते बघायचं.
एकदा राहिला होता. दिवसभर भिंतीत होता
आणि हे दिवसभर घर शोधत होते.
दहा बाय बाराचं घर. किती शोधणार!

मांजलपूरला या खोलीत आलो तेव्हा
जसुभाई मिस्त्रीने टेप लावला, कानावरची पेन्सिल काढली,
म्हणाला, बेन, सूओ के भणावो, बेमांथी एक.
मी म्हटलं, दोन्ही.
पंधरा दिवस घेतले त्याने,
दोन गॅसचे दांडे, आठ बिजागऱ्या,
आणि पलंगाच्या पोटाला, मी हट्ट धरला म्हणून,
शाळेचा हिरवा रंग.
उभा केला की फळा, आडवा केला की पलंग.
दस वरसनी गॅरंटी, म्हणाला.
कशाची, ते नाही सांगितलं.

सातला सातवीची बॅच.
चटईवर अकरा मुलं, बारावा उंबऱ्यात.
हेत्वी, ध्रुविल, मोहित्यांचा शार्दूल,
आणि ती पर्ल, जी दर आठवड्याला विचारते,
टीचर, तुम्ही झोपता कुठे?
भागाकारावर, मी म्हणते.
ती हसते.

पण तसंच आहे ते. रात्री पलंग खाली येतो
तेव्हा मी फळा पुसत नाही.
सुरुवातीला पुसायचे. मग कंटाळा, मग सवय,
मग काहीतरी तिसरंच.
दिवसभराची गणितं जमिनीकडे तोंड करून पडतात
आणि त्यांच्या पाठीवर आम्ही दोघं.
खडूची भुकटी झिरपत राहते रात्रभर.
सकाळी उचलावा तर फरशीवर
एक पांढुरका चौकोन, आमच्याएवढा.
तो झाडून घेतला की दिवस सुरू.

मार्गशीर्षात यांची कंबर धरली.
डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे आडवं राहायचं.
त्यांना काय ठाऊक,
आमच्याकडे आडवं म्हणजे शाळा बंद.
मी एकेकीच्या आईला फोन लावायला घेतला,
तर हे म्हणाले, येऊ दे गं त्यांना,
मी काय जागा खातोय.

सगळीच तर खात होते.

मुलं आली. पलंगाच्या कडेकडेने बसली,
पायथ्याशी तिघं, यांच्या पोटऱ्यांना टेकवून पर्लची वही.
फळा खाली, म्हणून सगळं तोंडी.
आणि हे छताकडे बघत उत्तरं देऊन मोकळे,
मुलांच्या आधी!
अठ्ठावीस वर्षं मकरपुऱ्यात बेअरिंगं मोजलेला माणूस.
मी डोळे वटारले तर म्हणाले, सॉरी, टीचर.
दुसऱ्या दिवशी ध्रुविलने हजेरीत नाव वाढवलं, तेरावं,
आणि हे रोज हात वर करून हजर म्हणू लागले,
हात जेवढा वर जाईल तेवढा.

एका रात्री कूस वळता येईना,
तेव्हा विचारलं, खाली काय लिहिलंय?
मला आठवेना. शेकडेवारी असेल. नाहीतर व्याज.
सुटलेलं की अर्धं?
अर्धं बहुतेक.
बराच वेळ काही नाही. मग म्हणाले,
तेच टोचतंय.

सातव्या आठवड्यात उठले. आधी भिंत धरून,
मग माझा खांदा, मग काहीच न धरता.
पलंग मीच उचलला. दांडे कुरकुरले.
साडेतीनशेला घेतलेली खुर्ची
दोनशे सत्त्याऐंशीला विकली, तोटा शेकडा किती?
बरोबरच्या चिन्हापाशी कोळ्याने जाळं धरलेलं.

हे समोर उभे, लेंग्याची नाडी आवळत.
खडू मागितला.
उत्तराची जागा खाली होती, गुडघ्यापाशी.
वाकता येत नव्हतं अजून.
म्हणून वरच लिहिलं, उजव्या कोपऱ्यात, जिथे हात पोचला.

सातला मुलं आली, आपापल्या चटईवर बसली.
पर्ल म्हणाली,
टीचर, आज अठरा तारीख नाहीये.