आतून कडी

साडेदहाला संगणकानं तेच सांगितलं, जे काल सांगितलं होतं:
हे फोल्डर उघडण्याची आपल्याला परवानगी नाही.
चहा संपवून मी पुन्हा टिचकी मारली.
नाही.

फोल्डरचं नाव 'मामा'.
नागपूरच्या मदतकक्षातला पोरगा फोनवर हसला,
मॅडम, हे मामा कोण?
माजी मालगुजारी, बाबू. तलाव आहेत आमचे,
कुठल्या तलावात किती फूट पाणी, कुठली पाळ खचली,
रात्रीतून कुणी गेट उचललं,
सगळं त्या सामाईक डब्यात येतं.
आजवर फोनवर विचारून भागत होतं.
आता वरून आदेश आहे, डब्यातलंच पाहून पाठवा,
पाचच्या आत.

बंद करून चालू करा, म्हणाला. केलं.
खातं काढा, परत जोडा.
काढलं. जोडता जोडता लाइन गेली, इन्व्हर्टर कण्हला.
खिडकीबाहेर सुकरू टेकाम
ऑफिसच्या अंगणात वाळत घातलेला मोहा पायानं सारखा करत होता.
उघडलं का जी?
नाही ना.
दमानं घ्या, म्हणाला. नवा बैल अन् नवं कुलूप
पयल्या दिशी कोनाचं आयकत नाही.

तिसऱ्या फोनला पोराला सापडलं.
मॅडम, यादीत तुम्ही आहात, पण तुम्ही नाही आहात.
हिरकन्या दिघोरे आहेत.
हिरकन्या मारबते कोण?
मीच. दोन्ही मीच.
एक गेल्या वैशाखाआधीची, एक पगारपत्रकावरची.
तो थोडा वेळ गप्प.
मग फोल्डरच्या मालकाला सांगा, नवं नाव घालायला.

मालक: व. ना. निनावे, वरिष्ठ लिपिक.
निनावे बाबू सिरोंच्याला बदलून गेले त्याला दोन पावसाळे झाले.
चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्या मोजून दिल्या होत्या,
रबरी शिक्के, पंचिंग मशीन, एक मोडका पंखा.
त्या यादीत हे नव्हतं.

साडेतीनला फोन लागला.
त्यांच्या मागे कुठंतरी अवेळी कोंबडा आरवत होता.
अरे बाप्पा, तो डबा अजून माझ्याच नावावर हाय?
मी इथून सांगत गेले, ते तिथून दाबत गेले:
उजवी टिचकी. गुणधर्म. परवानग्या. जोडा.
मारबते, हो. ब्याण्णवचा ब.
वाचक करू की संपादक?
संपादक करा, म्हटलं.
आवाज जरा मोठाच निघाला.

उघडलं.
तेराशे बारा पत्रं, सगळी ठळक अक्षरात,
निनावे गेल्यापासून एकही कुणी उघडलेलं नाही.
मी खाली खाली जात राहिले,
आणि दोन तलावांच्या मध्ये माझंच नाव दिसलं.
विषय: महिला प्रसाधनगृहास आतून कडी बसविणेबाबत.
मग स्मरणपत्र एक.
स्मरणपत्र दोन, हे मारबतेचं.
नाव बदललं तेवढं.

मला वाटायचं, वाचून नाही म्हणाले.
दोन वर्षं मी साहेबांवर रागावलेली,
दाराला बादली लावून, बादलीवर एक पाय ठेवून,
बाहेर चपला वाजल्या की खोकत.
ट्रेनिंगला आलेल्या पोरीलाही तो खोकला शिकवला मी.

पाचला दहा कमी असताना पाणी वर पाठवलं.
मग माझं पहिलं पत्र उघडलं.
अक्षरं बारीक झाली.
बरं नाही वाटलं ते.
उजवी टिचकी, 'न वाचलेले' करून ठेवलं,
परत ठळक.

बाजार उठायला आला होता.
चार इंची कडी द्या, स्क्रूसकट.
दुकानदारानं दोन समोर ठेवल्या,
बाहेरून लावाची का आतून?
आतून.
आणि पावती द्या, ऑफिसच्या नावानं.