टेलचं पाणी

हृदय पुन्हा धडधडू लागलं की माझं काम सुरू होतं.
तोवर मी भिंतीशी उभी, हातात वायर,
वायरच्या टोकाला घाट्याएवढा एक चिमटा.
पायातून काढलेली शीर आता छातीत शिवलेली,
काझी सर तिच्याभोवती चिमटा धरतात,
मधे जेलचा थेंब, हवा राहू नये म्हणून.
मी आकडा वाचते. मोठ्यानं. एवढंच.

"नऊ."
पडद्यावर रेघ काटेरी, वर उसळते, खाली बुडते,
पुढं गेलेलं रक्त माघारी येतंय.
"पीआय?"
"सात पॉइंट दोन."
कुणी बोलत नाही.
सर शीर बोटाच्या पेरानं किंचित उचलतात:
पीळ. इस्त्रीच्या वायरला बसतो तसला.
टाके उसवले, पुन्हा घातले.
बाहेर वजिराबादच्या रस्त्यावर दुपार कलली असणार.
"चौतीस."
आता रेघ दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत भरते.
सगळ्या अंगाला वाढून झाल्यावर
हृदय त्या विसाव्यातच जेवून घेतं.

तिसऱ्या नसेवर सतरा.
वीसच्या वर हवं, असं पुस्तकात आहे.
सरांनी घड्याळ पाहिलं.
"नसच बारीक आहे. उघडली तर आहे तेही जाईल.
लिही, सतरा."
लिहिलं.

माझी एक वही आहे, दवाखान्याची नव्हे.
डावीकडं आकडा, उजवीकडं पुढं काय झालं ते.
हदगावच्या शाळेतल्या बाई: बेचाळीस, देखणी रेघ,
नवव्या दिवशी गेल्या.
किनवट डेपोचे कंडक्टर: अकरा.
परवा त्यांनीच माझ्याकडं सुटे पैसे मागितले, तेही खेकसून.
बहुतेक वेळा आकडा खरा ठरतो.
बहुतेक वेळा, हे घरच्यांना कसं सांगायचं
ते मला अजून जमलेलं नाही.

सतरावाले मन्मथअप्पा बिडवे सहा महिन्यांनी आले,
पिशवीत अर्धापूरच्या केळीची फणी.
रिटायर्ड कालवा निरीक्षक, पूर्णा प्रकल्प, राहणार वसमत.
"तुमच्या गेजवर किती आलं होतं हो माझं?"
सांगू नये असं कुठं लिहिलेलं नाही. सांगितलं.
हिशेबी माणसं डोळे बारीक करतात, तसे केले.

"हेडला कितीबी सोडा बाई.
टेलला बसून मी तीस वर्षं पट्टी वाचली.
कधी वर कमी, अन् खाली केळी उभी.
कधी वर भरपूर, अन् खालच्या चारीत विंचू.
मधी कोण फोडायलं, कुठं पाझरायलं, पट्टीला काय ठाव?
अन् शेजारी जुना ओढा वाहता असला
तर नव्या चारीत पाणी घुसतच नाही, असंबी होतं."

हे शेवटचं मला काझी सरांनी
इंग्रजीतून, दोन आकृत्या काढून शिकवलं होतं.

"मग पट्टी कशाला वाचायची, अप्पा?"
"न वाचता कसं कळंल कुठं पीळ पडला?
साहेब म्हणायचे, पाच वाढवून लिहा, वर पाठवायचंय.
नाही लिहिलं. दोनदा बदली झाली."

वही मागून घेतली.
नावापुढचा रकाना कोरा होता.
खिशातलं पेन काढून, तिरक्या सरकारी अक्षरात:
शेरा – पाणी टेलला पोचले. पुढील आवर्तनाचे पुढे.
खाली सही, तारीख.

केळी टेबलावर ठेवून निघाले.
लिफ्ट बंद होती. जिन्यानं उतरताना
पहिल्या वळणावर कठडा धरून थांबले.
मी वरून सेकंद मोजत होते.
किती झाले, ते वहीत लिहिलेलं नाही.