थंड इंजिन

लतीफ पिंजारी म्हणाला, बई,
गाडी बघायला सकाळी सहाच्या आत जायचं,
न कळवता.
किल्ली मागायच्या आधी इंजिनावर तळहात ठेवायचा.
गरम लागलं तं चहा प्यायचा अन् निघून यायचं.

सावद्याची गरम लागली.
टाकीवर ताजा काळा रंग, मालक गोड, चहाही गोड.

भुसावळची थंड होती,
पण पुढच्या पाइपांवर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे,
सीलमधून तेल पाझरलेलं.
विकणारा माझ्याशी नाही, लतीफशी बोलत होता :
झेपेल का यांना सव्वादोनशे सीसी?
लतीफने नाक शिंकरलं.
आम्ही वरणगावला थांबून भजी खाल्ली
आणि त्या गाडीविषयी पुन्हा बोललो नाही.

तिसरी फैजपुरात,
केळी पिकवायच्या खोलीशेजारी, गोणपाटाखाली.
पिवळी करिझ्मा, दोन हजार पाचची.
यज्ञेश्वर फेगडे सर बनियनवरच बाहेर आले,
स्वतःच गुडघ्यावर बसले (बसताना कण्हले),
बॅटरी मारून म्हणाले, हे आधी बघा :
चेसीवर वेल्डिंगची एक जाड रेघ.
अकरा साली, अनेरच्या पुलाअलीकडे, म्हैस.
म्हशीला काही झालं नाही.

रावेरच्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं एक्स-रे काढते.
हाड जुळलं की तिथे थोडं जास्तच भरून येतं,
ती गाठ फिल्मवर पांढरी दिसते.
रेघेवरून बोट फिरवलं. सरळ होती.
घासून, रंग देऊन झाकता आली असती सहज.

आणखी काय काय बिघडलंय?
सर मोजायला लागले, जरा खुशीतच :
न्यूट्रलचा हिरवा दिवा लागत नाही, अंगठ्यानं शोधायचं.
स्पीडोमीटरची केबल तुटलीय, काटा झोपलेला.
आकडे एकसष्ट हजार चारशे आठवर थांबलेत,
त्यानंतर किती धावली, देव जाणे.
आणि विकताय का?
गुडघा, म्हणाले. दोन्ही.

अठ्ठावीस हजार. मी सत्तावीस म्हटलं नाही.

लतीफने चेन बदलली, कार्ब्युरेटर उकळला,
मागचं टायर आणि ब्रेक नवे घातले.
केबल राहू दे म्हटलं मी. का म्हटलं, ठाऊक नाही.

डिसेंबरात दोन दिवसांची रजा टाकून निघाले.
यावल, चोपडा, उजव्या हाताला सातपुडा
निळसर, सोबत चालणारा, न बोलणारा.
ट्रॉलीतून सांडलेल्या कापसाचे पुंजके रस्त्याच्या कडेला.
जुन्या गाडीशी घाई करता येत नाही,
पण चौथ्यात, साडेपाच हजारांवर,
आरशांची थरथर अचानक थांबते,
मागची एसटी स्पष्ट दिसते,
आणि मग लहान होत जाते.

शिरपूरच्या पुढे पंपावरच्या म्हाताऱ्याने विचारलं,
एकलीच का, बहीन? कितली जुनी शे गाडी?
मी सांगितलं. तो म्हणाला, मन्हा नातूइतली शे.
आणि काच पुसून दिली, न मागता.

सातपायरीच्या घाटात तिसऱ्या वळणावर इंजिन गचके खाऊ लागलं.
डावा हात टाकीखाली गेला,
कॉक रिझर्व्हवर फिरवला,
गाडी झुकलेलीच होती, तशीच झुकलेली राहिली.
हे मला कोणी शिकवलं नव्हतं.
म्हणजे, सर सहा वेळा बोलले होते,
पण हाताने ऐकलं कधी?

तोरणमाळला तलावाकाठी एक पोरगा आला,
शेळ्या सोडून. नुसताच बघत राहिला.
कितीनं पळते?
माहीत नाही, केबल तुटलीय.
मग तुला कळतं कसं?

मी हेल्मेट काढून दगडावर ठेवलं.
इंजिनातून टिक, टिक, निवणाऱ्या लोखंडाचा आवाज.
त्याला म्हटलं, बस मागे, दाखवते.
त्याने शेळ्या मोजल्या.
दोनदा मोजल्या,
आणि बसला.